चार तारा आणि एक आत्या

डेसिबलराव बेस गिटार वाजवतात हे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं, पण ती वाजलेली कुणी ऐकली नव्हती. यात डेसिबलरावांचा दोष नव्हता आणि खरं म्हणजे ऐकणाऱ्यांचाही नव्हता. ते वाद्यच तसं. साध्या गिटारीला सहा तारा, हिला चार, त्याही दोरीएवढ्या जाड. आवाज खालचा, गाण्याच्या पार तळाशी, घराला पाया असतो तसा. आता घरी पाहुणे येतात, पडद्यांचं कौतुक करतात, फरशीचं करतात. ‘वा, पाया काय सुंदर आहे हो तुमचा,’ असं आजवर कुठल्या पाहुण्याने म्हटलंय का? नाही म्हटलं. म्हणून काय कुणी बिनपायाचं घर बांधतं?

हे सगळं डेसिबलराव स्वतःला समजावत असत आणि ते त्यांना पटतही असे, पण पटणं वेगळं आणि पचणं वेगळं.

डेसिबलराव हे नाव त्यांना ऑफिसने दिलं होतं. पालिकेच्या ध्वनी नियंत्रण विभागात ते निरीक्षक होते. कुणाच्या गच्चीवर भोंगा वाजला, कुणाच्या पिठाच्या गिरणीची घरघर वाढली, की तक्रार त्यांच्या टेबलावर यायची आणि ते गळ्यात आवाज मोजायचा मीटर अडकवून निघायचे. दिवसभर दुसऱ्यांचे आवाज बंद करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः वाजवायचं, यात विसंगती आहे असं त्यांचे सहकारी म्हणत. डेसिबलरावांचं म्हणणं असं, की मिठाईवाला काय घरी जाऊन भाकरी खात नाही? हे उदाहरण नेमकं कुठे लागू पडतं ते सहकाऱ्यांना कळत नसे, पण डेसिबलराव इतक्या गंभीरपणे बोलत की पुढे विचारायची सोय नसे.

त्यांचा तिघांचा बँड होता. विमा एजंट गायचा आणि साधी सहा तारांची लीड गिटार वाजवायचा; दातांचे डॉक्टर ड्रम वाजवायचे; आणि डेसिबलराव. एका शाळेच्या हॉलमध्ये झालेला कार्यक्रम आटोपून घरी आल्यावर त्यांनी बायकोला नेहमीप्रमाणे विचारलं, कसं झालं? बायको खोटं न बोलणारी. तिने चपला काढता काढता सांगितलं की एजंटांचा आवाज फार छान लागला होता, डॉक्टरांनी तर काय बडवलं, हॉल दणाणला. मग नवऱ्याचा चेहरा बघून तिला वाटलं, आपण काहीतरी विसरतोय.

“तुम्हीसुद्धा छान उभे होतात,” ती म्हणाली.

त्या रात्री डेसिबलराव जेवले नाहीत असं सांगितलं तर ते खोटं होईल. जेवले, पण दुसरा भात घेतला नाही. आणि हात धुताना त्यांनी मनाशी ठरवलं की सोसायटीच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम येतोय, त्यात निदान एका तरी माणसाने, निदान एकदा तरी म्हटलं पाहिजे की आज तुमचं वाजवणं ऐकलं. फार नाही, एकच माणूस. आयुष्यात माणसाने याहून कमी काय मागावं?

आता एखाद्याने काही ठरवलं की ते इतरांना कळू देऊ नये हा साधा नियम आहे. डेसिबलरावांनी तो पाळला नाही आणि सल्ल्यांचं मोहोळ उठलं. एजंट म्हणाला, मुळात तुझी गिटारच मुखदुर्बळ आहे, आत बॅटरी असलेली घे, म्हणजे आवाज आतूनच ताकद घेऊन निघेल. दातांचे डॉक्टर म्हणाले, गिटार नको बदलू, स्पीकर बदल, मूळ दुखणं तिथे आहे. वरवर साफ करून काय होणार. इमारतीत खालच्या मजल्यावर एक वकील राहत, तेच सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी जिन्यात गाठून सांगितलं, की आवाज मोठा करण्याआधी तो मोठा का करायचा याचं लेखी कारण जवळ ठेवा. डेसिबलरावांनी सगळ्यांचं ऐकलं. हीच त्यांची चूक. एकाचं ऐकलं असतं तर निम्म्यात भागलं असतं.

वाद्यांचा दुकानदार स्वतः काहीच वाजवत नसे, पण इतरांनी काय वाजवावं याबद्दल त्याची मतं ठाम होती. डेसिबलरावांचा जुना स्पीकर म्हणजे टेबलावर मावणारं खोकं. त्याचं वर्णन ऐकून त्याने डोळे मिटून घेतले. बेसला वॅट लागतात, तो म्हणाला, साधी गिटार चहाच्या कपात मावते, बेसला पिंप लागतं. आणि त्याने कोपऱ्यातलं एक कपाट दाखवलं. डेसिबलरावांना आधी ते कपाटच वाटलं. तो स्पीकर होता. मग त्याने बॅटरीवाली गिटारही दाखवली. तिची बॅटरी पाठीमागच्या झाकणाखाली, छोटी चौकोनी, डोक्यावर दोन बटणं असलेली. या सगळ्याची किंमत इथे सांगता येणार नाही, कारण ती बायकोलाही सांगितलेली नाही.

निघताना दुकानदाराने दोन गोष्टी बजावल्या. पहिली, कार्यक्रमाला जाताना प्रत्येक वस्तू जोडीने न्यायची. दोन वायरी, दोन पट्टे, दोन फ्यूज. स्टेजवर जे मोडायचं ते मोडतंच. दुसरी, वाजवून झालं की वायर गिटारीतून उपसून ठेवायची. वायर आत असली की गिटारीला वाटतं मालक वाजवतोय, आणि बॅटरी फुकट संपत राहते. डेसिबलराव सरकारी माणूस. सूचना ऐकली की पाळायची हे त्यांच्या रक्तातच होतं. त्यांनी दोन्ही सूचना मनात दोनदा म्हणून घेतल्या.

स्पीकर लिफ्टमध्ये शिरेना. उभा शिरेना, आडवा शिरेना, तिरका केला तेव्हा शिरला पण मग लिफ्टचं दार लागेना. शेवटी दातांचे डॉक्टर खालून आणि डेसिबलराव वरून अशी ती जिन्याने वरात निघाली. वकील आपल्या दारात उभे राहून उंटावरून शेळ्या हाकत होते: डावीकडे घ्या, कठड्याला लागलं तर भरपाई तुमची, आता थोडं उचला, उचला म्हणजे वर. डॉक्टरांच्या कमरेत मध्येच काहीतरी कट् वाजलं. पुढचे काही दिवस ते रोग्यांवर वाकू शकले नाहीत. रोग्यांनाच खुर्चीत उंच बसवावं लागलं. त्यांनी तक्रार केली नाही, पण डेसिबलरावांची दाढ त्यांनी पुढे जरा कमी प्रेमाने भरली असं डेसिबलरावांना वाटत राहिलं.

मग प्रश्न आला की हे धूड ठेवायचं कुठे. बैठकीच्या खोलीत ठेवलं तर पाहुणे त्यावर बसतील, झोपायच्या खोलीत ठेवलं तर बायको घर सोडेल. उरली आत्याची खोली.

आत्या म्हणजे डेसिबलरावांच्या वडिलांची थोरली बहीण. कान पार गेलेले. ऐकायचं मशीन आणलं होतं, ते तिने कपाटाच्या खणात ठेवून दिलं होतं. मशीन लावलं की सगळ्यांचं बोलणं ऐकू येतं आणि त्यात ऐकण्यासारखं काही नसतं, असा तिचा अनुभव. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे ती बोलायची मात्र अशी, की खालच्या मजल्यावर वकिलांच्या हातातला चहा हिंदकळावा. वकिलांनी आयुष्यात कुणापुढे हार खाल्ली असेल तर ती आत्यापुढे. एकदा गॅलरीतून पाणी सांडल्यावरून ते भांडायला वर आले होते. पाऊण तास कायदा सांगितला आणि आत्याने सगळं झाल्यावर त्यांना बसा म्हणून चहा विचारला. जिला ऐकूच येत नाही तिच्याशी युक्तिवाद करणार कसा? तेव्हापासून ते तिला जिन्यात पाहिलं की वाट देत.

तर आत्याच्या खोलीत, तिच्या खाटेला लागून, स्पीकर उभा राहिला. तिला त्रास व्हायचा प्रश्नच नव्हता. उलट तिला पाठ टेकायला सोय झाली. संध्याकाळी डेसिबलराव सरावाला बसले की आत्या स्पीकरला पाठ लावून मटार सोलत बसायची. तिची मान हळूहळू हलायची. मान वयामुळे हलते असं दातांच्या डॉक्टरांनी दातांपलीकडचं मत दिलं होतं, म्हणून बायकोने तिला ताकदीच्या गोळ्या सुरू केल्या. डेसिबलराव वाजवताना तिच्याकडे बघतही नसत. आत्यापुढे वाजवणं म्हणजे भिंतीपुढे वाजवणं, आणि भिंतीपुढे माणूस मोकळेपणाने चुकतो.

नवी गिटार, नवा स्पीकर. वाजलं का? वाजलं. बायकोने स्वयंपाकघरातून येऊन सांगितलं की काही ऐकू येत नाहीये, पण ताटाळ्यातली ताटं आपोआप हलतायत. खालच्या मजल्यावर वकिलांच्या काचेच्या कपाटात त्यांना बक्षीस मिळालेले पेले आणि ढाली होत्या. त्या संध्याकाळपासून रोज ते सगळं थरथरू लागलं. एक पेला तर चालत चालत कपाटाच्या कडेपर्यंत आला. वकिलांनी वर येऊन भांडायला हवं होतं, पण वर आत्या होती. त्यांनी सरळ पालिकेत लेखी तक्रार केली: इमारतीत अज्ञात स्रोतातून कंपने.

तक्रार कुठे गेली? कुठे जाणार? ध्वनी नियंत्रण विभाग, निरीक्षक डेसिबलराव.

दुसरा कुणी असता तर त्याने कागद दाबून ठेवला असता, जिन्यात वकिलांचे पाय धरले असते, आवाज कमी केला असता. पण डेसिबलरावांच्या टेबलावर तक्रार कधी शिळी झाली नव्हती. ते रीतसर पाहणीला निघाले. अडचण एवढीच, की मोजायला खाली हवं आणि वाजवायला वर हवं. शेवटी त्यांनी बायकोला गिटारीपुढे बसवलं, सगळ्यात जाड तार दाखवली आणि सांगितलं, मी खालून फोन करेपर्यंत हीच खेचत राहा. मग गळ्यात मीटर अडकवून, एक मजला उतरून, वकिलांच्या दाराची बेल वाजवली आणि ओळखपत्र दाखवलं. वकिलांनीही ओळखपत्र दोन्ही बाजूंनी वाचून मगच त्यांना आत घेतलं.

वर बायकोने तार खेचली. कपाटातले पेले नाचू लागले. वकिलांनी विजयी मुद्रेने कपाटाकडे हात केला. डेसिबलरावांनी मीटर पाहिला. आकडा जागचा हलला नव्हता. ऑफिसातला तो मीटर माणसाच्या कानाला जे बोचतं ते पकडणारा. अगदी खालचे सूर तो हिशेबातच धरत नसे. खिडकीखालून एक रिक्षा गेली, तेव्हा आकडा टुणकन उडाला. रिक्षा गेली, पुन्हा होता तिथे.

आता इथे खरं तर त्यांनी सुटकेचा श्वास टाकायचा. आवाज मर्यादेत, तक्रार निकाली, सगळे आपापल्या घरी. पण त्यांच्या काळजात कळ उठली. बायकोला ऐकू येत नव्हतं हे ठीक, श्रोत्यांना नाही हेही ठीक, पण हा मीटर! इतकी वर्षं ज्याला गळ्यात वागवलं, रोज फडक्याने पुसलं, त्यालाही ऐकू येऊ नये? अहवालात ‘कोणताही आवाज आढळला नाही’ असं लिहायला त्यांचा हात धजेना. ते काही निरीक्षकाचं वाक्य नव्हतं, तो आपल्याच संगीतावर आपणच मारलेला शेरा होता. म्हणून त्यांनी लिहिलं: आवाज मीटरच्या कक्षेबाहेरचा असून अत्यंत प्रभावी आहे.

अत्यंत प्रभावी आहे म्हटल्यावर कारवाई आली. डेसिबलरावांनी डेसिबलरावांच्या नावे नोटीस काढली: सुनावणी होईपर्यंत वादन बंद ठेवावे व सर्व साधने आहेत त्याच स्थितीत, हात न लावता ठेवावीत. ती नोटीस त्यांनी ऑफिसात सही करून पाठवली आणि घरी सही करून घेतली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायकोने नोटीस वाचली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि माहेरी फोन लावला; जायला नव्हे, नुसतं कुणालातरी सांगायला.

नोटीस घेतली तेव्हा गिटार आत्याच्या खोलीत उभी होती आणि बायकोने तार खेचून झाल्यावर तशीच ठेवली होती, वायर आत. डेसिबलरावांना दुकानदाराची सूचना आठवली. हात पुढे गेला. आणि मग त्यांना स्वतःची नोटीस आठवली. साधनांना हात लावायचा नाही. एका सूचनेसाठी दुसरी मोडायची कशी? त्यातही एक दुकानदाराची आणि एक सरकारी. हात मागे आला. बायको केर काढताना त्या गिटारीभोवतीचा केरसुद्धा वळसा घालून काढू लागली.

आठवडे गेले. सुनावणीची तारीख लागेना, कारण विभागाचे साहेब निवृत्तीला आलेले आणि शेवटच्या दिवसांत कुठल्याही भानगडीत सापडायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं. इकडे घरात आत्या बिघडली. जेवण कमी झालं, चिडचिड वाढली. दिवसातून दहादा म्हणायची की घरात काहीतरी बंद पडलंय. बायकोने फ्रिज दाखवला, चालू होता. तरी मेकॅनिक बोलावला, त्याने फ्रिज उघडून पाहिला आणि चालू असलेला फ्रिज जाताना बंद पाडून गेला. आत्या म्हणाली, हे नव्हे. दुसरंच काहीतरी. एक गोष्ट मात्र चांगली झाली: आत्याची मान हलायची थांबली. गोळ्या लागू पडल्या म्हणून बायकोने दातांच्या डॉक्टरांचे आभार मानले.

शेवटी वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी सुनावणी झाली. साहेबांनी आधी निरीक्षकाला बोलायला सांगितलं. डेसिबलराव उभे राहिले, आवाज किती प्रभावी आहे ते सांगितलं. साहेबांनी मग ज्याच्यावर नोटीस आहे त्याला बोलावलं. डेसिबलराव उठून समोरच्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले की निरीक्षकांचा अहवाल कडक आहे, पण खोटा म्हणता येणार नाही. साहेबांनी निरीक्षकाला विचारलं, यावर तुमचं काय म्हणणं. डेसिबलराव पुन्हा पहिल्या खुर्चीत आले. असं तीन-चारदा झाल्यावर साहेबांनी कपाळ धरलं आणि सांगितलं, बसा एकाच जागी, कुठल्याही. वकीलसुद्धा विरघळले, म्हणाले, विरुद्ध पक्ष इतका प्रामाणिक असला की वकिली करण्यात मजा राहत नाही.

तडजोड निघाली. कार्यक्रमाला परवानगी, पण मीटर कार्यक्रम संपेपर्यंत तक्रारदाराच्या हातात राहील आणि आकडा मर्यादेवर गेल्यास वादन तात्काळ बंद. मसुदा डेसिबलरावांनीच सुवाच्य अक्षरात लिहिला. साहेबांनी न वाचता सही केली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये फळ्यांचं स्टेज बांधलं होतं. डेसिबलराव सगळं जोडीने घेऊन आले: वायरी दोन, पट्टे दोन, फ्यूज दोन, तारांचा जास्तीचा संच, विजेच्या वायरीचं लांब रीळ, स्क्रू पिळायचे पेचकस लहान-मोठे, एवढंच काय चष्मेसुद्धा दोन. एजंटाने पिशवी पाहून विचारलं की दुसरा बेसवाला पण आणलायस का. दुपारी वाजवून पाहिलं तेव्हा आवाज जरा घोगरा वाटला. डॉक्टर म्हणाले, हॉल रिकामा आहे, माणसं बसली की घसा मोकळा होईल.

संध्याकाळी माणसं बसली. पहिल्या रांगेत वकील, मांडीवर मीटर. आत्याला बायकोने मागे पंख्याखाली जागा धरली होती, पण ती ऐकेना. तिने स्वतःची खुर्ची ओढत ओढत स्टेजच्या कडेला नेली आणि घरच्यासारखी स्पीकरला पाठ टेकून बसली. बायकोला लाजल्यासारखं झालं. लोक म्हणाले, राहू दे, म्हातारं माणूस आहे, टेकायला लागतं.

पहिलं गाणं चांगलं गेलं. दुसरंही गेलं. तिसऱ्याच्या मध्यावर डेसिबलरावांच्या गिटारीने दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि ती गप्प झाली. त्यांनी तार खेचली, काही नाही. वायर बदलली, दुसरी होतीच. काही नाही. आणि मग लख्ख आठवलं: वायर आत, नोटीस, आठवड्यांमागून आठवडे मालक वाजवतोय असं समजून बसलेली गिटार. बॅटरी संपली होती. पिशवीत सगळं दोन-दोन होतं. बॅटरी एकही नव्हती. ती गिटारीच्या पोटात, डोळ्यांआड, म्हणून तिची जोडी घ्यायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

त्यांनी मान वर केली. एजंट डोळे मिटून गात होता. डॉक्टर कंबर सांभाळत बडवत होते. लोक ठेका धरून डोलत होते. बायको हसऱ्या चेहऱ्याने टाळ्या वाजवत होती. कुणालाच काही कळलं नव्हतं.

डेसिबलरावांना वाटलं, आपण पायाबिया म्हणत होतो. हा पाया काढून घेतला आणि घर आहे तिथे उभं आहे. सरळ बोटं हलवत राहावं. कार्यक्रम संपेल, बायको म्हणेल छान उभे होतात, आणि या वेळी ते अक्षरशः खरं असेल. त्यांची बोटं मुक्या तारांवरून चालत राहिली आणि डोळे भरून आले. इतकी वर्षं आपण नेमकं काय करत होतो, हा प्रश्न भर कार्यक्रमात पडणं फार वाईट.

“का रे, थांबलास का?”

आवाज असा होता की एजंटाचा माइक फिका पडला. आत्या खुर्चीत वळून, हाताच्या पंजाने स्पीकर थोपटत होती. गाणं अडखळलं. डॉक्टरांची एक काठी हवेतच राहिली.

“ते धबधब चाललंय ते डॉक्टरांचं. तुझं कुठे गेलं? मघापासून थांबलायस,” आत्या म्हणाली. “महिनाभर घरी बंद, आता इथेही बंद. वाजव ना रे.”

एजंटाने गाणं थांबवलं. डेसिबलराव तिच्याकडे बघतच राहिले. जिच्यापुढे ते भिंतीपुढे वाजवावं तसं वाजवत होते, ती रोज संध्याकाळी पाठीने ऐकत बसली होती. त्यांनी गिटारीमागचं झाकण उघडून ती छोटी चौकोनी बॅटरी काढली, आत्याला दाखवली आणि मान हलवली.

तशी बॅटरी हॉलमध्ये आणखी एक होती, आणि ती कुठे आहे हे फक्त डेसिबलरावांना माहीत होतं. दर वर्षी ते स्वतःच ती बदलत. ती वकिलांच्या मांडीवर होती, मीटरच्या पोटात. सरकारी मीटर, सरकारी बॅटरी, खाजगी गिटार. नोकरीत त्यांनी ऑफिसची टाचणीसुद्धा कधी घरी नेली नव्हती. तोंडाने मागणं त्यांना शक्य नव्हतं. पण आत्या वाट बघत होती. त्यांनी हळूच एक बोट उचललं आणि मीटरकडे केलं. त्यांच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा गैरव्यवहार.

आत्याने वकिलांकडे पाहिलं. “त्याला काय हवंय ते द्या.”

वकिलांनी खाकरून सुरुवात केली, की मुळात आदेशाचा हेतू लक्षात घेता... आणि मग समोर कोण आहे ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी वाक्य सोडून दिलं. मीटर उलटा केला, नखाने झाकण काढलं, बॅटरी स्टेजवर ठेवली आणि बंद मीटर दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

“आदेशाप्रमाणे मीटर तक्रारदाराच्या हातात आहे,” ते हॉलला उद्देशून म्हणाले. “आणि आकडा मर्यादेवर गेलेला नाही. कुणीही येऊन पाहावं.”

कुणी आलं नाही. डेसिबलरावांनी बॅटरी बसवली, झाकण लावलं आणि सगळ्यात जाड तार खेचली. हॉलच्या काचा हलक्या शहारल्या. आत्याने पाठ टेकली आणि तिची मान हळूहळू हलू लागली. बायकोने टाळ्या वाजवायचं थांबवून त्या मानेकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या बोटांकडे, मग पुन्हा मानेकडे. गोळ्या दुसऱ्याच दिवशी बंद झाल्या.

कार्यक्रम संपल्यावर तो स्पीकर पुन्हा जिन्याने वर गेला. या वेळी एका बाजूने वकिलांनी खांदा दिला आणि सूचना द्यायला कुणी उरलं नाही म्हणून काम लवकर झालं. घरी आल्यावर डेसिबलरावांनी कुणाला काही विचारलं नाही. बायकोच आपण होऊन म्हणाली, खरं सांगते, अजूनही मला ते वेगळं काढून ऐकू येत नाही. पण उद्यापासून मीही आत्यांशेजारी टेकून बसेन, बघू. डेसिबलरावांनी मान डोलावली. ते आत्याच्या खोलीत गेले, गिटार कोपऱ्यात ठेवली आणि दुकानदाराच्या सूचनेप्रमाणे वायर उपसायला हात घातला. सकाळी बॅटरी मीटरमध्ये परत जायची होती, एक थेंबही वाया घालवून चालणार नव्हतं.

आत्या खाटेवर, स्पीकरला टेकून बसली होती. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि खालच्या मजल्यालाही कळावं अशा आवाजात सांगितलं:

“दुसऱ्या गाण्यात एका जागी घसरलास. घरी ती जागा रोज बरोबर घेतोस.”

डेसिबलरावांनी वायर काढली नाही, तिचं दुसरं टोक स्पीकरला जोडलं. खाटेच्या कडेला बसले, गिटार मांडीवर घेतली आणि ती जागा पुन्हा वाजवून दाखवली.